भाड्याने देण्यासाठी दुसरे घर : खारघर की घोडबंदर रोड?

कळवेकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४६, नोकरी ऐरोलीत, राहते घर कळव्यात. घराचे कर्ज गेल्या वर्षी फिटले आणि गावाकडच्या जमिनीतला माझा वाटा विकून आलेले ३४ लाख रुपये सध्या बँकेत मुदत ठेवीत आहेत. निवृत्तीनंतर दरमहा हाती काही येत राहावे म्हणून एक वन बीएचके घेऊन भाड्याने द्यावा, असा आम्हा दोघांचा विचार आहे. दोन ठिकाणे पाहून झाली. पहिले खारघरच्या सेक्टर ३५ मध्ये, बारा वर्षांच्या इमारतीत, ४१० चौरस फूट कार्पेट. किंमत ८२ लाख आणि एजंटच्या म्हणण्याप्रमाणे भाडे २३ हजार. दुसरे घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये. किंमत ७८ लाख अधिक जीएसटी, ताबा २०२८ च्या अखेरीस. ६० लाखांपर्यंत कर्ज मिळेल असे बँकेने तोंडी सांगितले आहे.

खारघरचा एजंट म्हणतो, ‘साहेब, विमानतळ सुरू झालाय, पाडव्यानंतर हा भाव विसरा.’ घोडबंदरच्या विक्री कार्यालयातल्या मुलीने मेट्रोचा नकाशा पुढ्यात पसरून हेच सांगितले, फक्त पाडव्याच्या जागी अक्षय तृतीया होती. बाजार आज चढा आहे की उतरता, हे माझ्यासारख्या नोकरदाराने स्वतः कशावरून ओळखावे, आणि भाड्याच्या दृष्टीने या दोहोंपैकी कोणते घर बरे, एवढेच विचारायचे आहे. ज्यांनी प्रत्यक्ष घर भाड्याने दिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

खारघरची घरमालकीण

नमस्कार. खारघरमध्ये माझे दोन फ्लॅट २००९ पासून भाड्याने आहेत, एक स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि दुसरा बराच आत, तळोज्याच्या बाजूला. त्यामुळे जे लिहिते आहे ते स्वतः भोगलेले आहे.

आधी हिशेब मांडू. ८२ लाखांचे घर तुम्हाला ८२ लाखांत पडणार नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ५ लाख ७४ हजार, नोंदणी फी ३० हजार, एजंटचा एक टक्का म्हणजे ८२ हजार, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क २५ हजारांपर्यंत, आणि बारा वर्षांच्या घराला रंग, बाथरूमची गळती, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या यांसाठी दीड लाख तरी धरा. एकूण ९० लाख ६१ हजार झाले. आता मिळकतीकडे या. भाडे एजंट सांगतो तेच, २३ हजार, धरले आणि वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे मानले, तर हाती २ लाख ५३ हजार येतील. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,२०० प्रमाणे ३८,४००, मालमत्ता कर सुमारे ७ हजार, आणि भाडेकरू बदलताना लागणारी दलाली, रंगाचा हात, प्लंबर यांची वार्षिक सरासरी १८ हजार वजा करा. उरतात १ लाख ८९ हजार ६००. ९० लाख ६१ हजारांवर हा परतावा साधारण २.१ टक्के झाला. आज त्याच पैशाची ठेव याच्या तिपटीच्या आसपास देते. भाडे वर्षाला पाच टक्क्यांनी वाढते आणि ठेवीचे व्याज तसे वाढत नाही, हे खरे आहे. पण सुरुवात २.१ पासून आहे, हे सही करण्यापूर्वी माहीत असावे.

आता विमानतळ आणि मेट्रो. खारघरच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि बेलापूर ते पेंधर ही गाडी प्रत्यक्षात १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावली. विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मधले, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मधले. या सगळ्या वर्षांत किमती प्रत्येक घोषणेबरोबर एकेक पायरी चढत गेल्या, भाडे मात्र गाडी सुरू होईपर्यंत जागचे हलले नाही, कारण भाडेकरू आजच्या सोयीचे पैसे देतो, उद्याच्या नकाशाचे देत नाही. मेट्रो आल्यावर माझ्या आतल्या घरासाठी चौकशीचे फोन नक्की वाढले, पण भाड्यात वाढ दीड हजाराचीच झाली. तुम्हाला आज सांगितलेल्या किमतीत विमानतळ आधीच धरलेला आहे. तो दुसऱ्यांदा विकला जात आहे, इतकेच.

माझ्या दोन घरांतला फरक ऐका, म्हणजे जागेचे महत्त्व कळेल. स्टेशनजवळचे घर सोळा-सतरा वर्षांत एकदाही पंधरा दिवसांहून अधिक रिकामे राहिले नाही. आतले घर मेट्रोच्या आधी एकदा सलग साडेचार महिने रिकामे होते. घर बंद राहिले की नहाणीच्या जाळीखालचे पाणी आटते आणि झुरळे वर येतात, म्हणून मी दर शनिवारी बसने जाऊन प्रत्येक नळ दोन-दोन मिनिटे सोडून ठेवत असे आणि मेंटेनन्सचे बिल घेऊन परत येत असे. ते साडेचार महिने कोणत्याही एजंटच्या तोंडच्या परताव्यात सापडणार नाहीत.

खारघरमध्ये भाडेकरू कोण, हेही पाहा. महाविद्यालयांतले विद्यार्थी, टाटा स्मारकच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात उपचारासाठी आलेल्या रुग्णांची कुटुंबे, आणि लोकलने मुंबईला जाणारे नोकरदार. पहिले दोन गट वर्षाच्या आत घर सोडतात, म्हणजे दलाली आणि रंग पुन्हा आलाच. रुग्णांच्या कुटुंबाला घर देण्यात मला कधी वावगे वाटले नाही, पण हिशेबात ते धरले पाहिजे.

कागदांबाबत दोनच गोष्टी विचारा. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भाडेपट्ट्याची असते, तेव्हा सोसायटीच्या नावे भाडेपट्टा झाला आहे का आणि विक्रीच्या वेळी सिडकोकडे हस्तांतरण शुल्क भरावे लागणार आहे का. आणि खारघर पनवेल महापालिकेत येते. ही महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, आणि तिच्या मालमत्ता कराचा वाद बराच गाजला, अनेकांनी कर भरलाच नव्हता. विकणाऱ्याकडून थकबाकी नसल्याची पावती घेतल्याशिवाय विसार देऊ नका.

नौपाड्याचे निवृत्त बँकवाले

ताईंनी मांडलेला हिशेब चोख आहे. मी कर्ज आणि कर यांची बाजू पुरी करतो, कारण तीस वर्षे टेबलाच्या पलीकडे बसून हीच प्रकरणे पाहिली.

कळवेकर, बँकेने ६० लाख तोंडी सांगितले तेव्हा मुदत किती, हे विचारलेत का? तुमचे वय ४६. पगारदाराला मुदत सहसा निवृत्तीपर्यंतच मिळते, म्हणजे साठ धरले तर १४ वर्षे. वीस वर्षांसाठी ८ टक्क्यांनी ६० लाखांचा हप्ता ५० हजार १८६ बसतो. तोच १४ वर्षांसाठी साडेएकोणसाठ हजारांच्या घरात जातो. ताईंच्या हिशेबातले निव्वळ भाडे महिन्याला १५ हजार ८०० येते. उरलेले सुमारे ४३ ते ४४ हजार दरमहा तुमच्या पगारातून जातील, आणि मुद्रांक शुल्कासह स्वतःचा वाटा भरल्यावर ३४ लाखांतले जेमतेम साडेतीन लाख शिल्लक राहतील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीवर बँक सहसा कर्ज देत नाही, ते रोखच काढावे लागते. चार महिने घर रिकामे आणि त्याच काळात घरात एक आजारपण, अशी वेळ आली तर हे साडेतीन लाख किती पुरतील, हे घरात बसून ठरवावे.

व्याजदराचा विचार बाजाराच्या स्थितीत आधी करावा असे माझे मत आहे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षे ६.५ टक्क्यांवर होता आणि २०२५ या एकाच वर्षात तो टप्प्याटप्प्याने ५.२५ पर्यंत खाली आला. १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्यामुळे हप्ते लगेच हलके झाले, त्याच पगारात अधिक कर्ज बसू लागले आणि विकणाऱ्याला किंमत न उतरवता गिऱ्हाईक मिळू लागले. आज भाव टिकून असण्यामागे विमानतळापेक्षा याचा हात मोठा आहे. दर पुन्हा वर गेले तर हप्ता तुमचा वाढेल, भाडे वाढणार नाही.

कराबाबत थोडक्यात. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे १ लाख ७२ हजार उरतात, आणि पहिल्या वर्षीचे साधारण ४ लाख ७० हजार व्याज त्याला पूर्ण गिळून टाकते. वर जो तीन लाखांच्या आसपास तोटा दिसेल, त्यातले दोन लाख जुन्या कररचनेत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतात. नव्या कररचनेत पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. हल्ली बहुतेक नोकरदार नव्या रचनेत आहेत आणि एजंट मात्र अजून जुन्याच रचनेचा फायदा सांगत असतात. घर फक्त पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, पण पैसा तुमचा असेल तर भाड्याचे उत्पन्न कराच्या दृष्टीने तुमच्याच नावे धरले जाते, हे विसरू नये.

‘कशावरून ओळखावे’ याचे उत्तर सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि लोक ते पाहत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ दिसते. त्याच इमारतीतले गेल्या दीड वर्षातले दोन-तीन व्यवहार काढा. मागितलेली किंमत आणि नोंदलेली किंमत यांत किती अंतर आहे, तेच बाजाराचे तापमान. नव्या टॉवरसाठी महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, पानावर विकसकाने दर तिमाहीला भरलेली विक्री झालेल्या घरांची संख्या पाहा. विक्री कार्यालयात ‘शेवटची चार घरे’ आणि पानावर निम्मा टॉवर शिल्लक, हा प्रकार मी स्वतःच्या पुतण्यासाठी घर शोधताना पाहिला आहे.

आमच्या नौपाड्यातले एक निरीक्षण, प्रश्नाच्या थोडे बाहेरचे. इथे जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. पाडलेल्या इमारतीतली कुटुंबे मुलांच्या शाळेसाठी आणि स्टेशनसाठी तीन-चार वर्षे याच परिसरात भाड्याने राहू पाहतात, आणि त्यांचे भाडे विकसक देतो. असा भाडेकरू वेळेवर पैसे देतो आणि मध्येच उठून जात नाही. वाशीच्या जुन्या सेक्टरांतही हेच चित्र आहे. भाड्याची मागणी नव्या रस्त्याच्या टोकापेक्षा जुन्या वस्तीत अधिक पक्की का असते, याचे हे एक कारण आहे.

घोडबंदरचा मानद सचिव

दुसऱ्या घराबद्दल मी लिहितो, कारण आमची सोसायटी याच पट्ट्यात आहे आणि आमच्या १६८ घरांपैकी ६१ घरांत भाडेकरू आहेत. रजिस्टर माझ्याच कपाटात असते.

७८ लाखांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ९० हजार, मुद्रांक शुल्क ५ लाख ४६ हजार, नोंदणी ३० हजार. ताब्याच्या वेळी विकसक जो एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो तो सोडूनच ८७ लाख ६६ हजार झाले. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही. आणि २०२८ पर्यंत, किंवा त्यानंतर ताबा जेव्हा मिळेल तेव्हापर्यंत, व्याज चालू आणि भाडे शून्य.

याहून मोठा मुद्दा सहसा कोणी बोलत नाही. टॉवरचा ताबा मिळतो त्या महिन्यात त्यातली शंभर-दीडशे घरे एकाच वेळी भाड्याच्या बाजारात उतरतात. सगळ्यांचा नकाशा सारखा, सगळ्यांच्या भिंती नव्या, आणि सगळ्यांचे हप्ते सुरू झालेले. आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये पहिल्या वर्षी असे झाले की मालक एकमेकांच्या खाली भाडे उतरवत गेले आणि शेवटी आमच्या जुन्या इमारतीपेक्षा नव्या इमारतीत स्वस्त भाडे लागले. ते सावरायला दोन वर्षे लागली. रात्री दिवे मोजून इमारत भरली की नाही ते ठरवू नका, दिवे विक्रीसाठीही लावून ठेवतात. सकाळी गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजा.

पाण्याचे विचारा. एप्रिल-मेमध्ये आमच्या गेटवरच्या वहीत दिवसाला चार-चार टँकरच्या नोंदी असतात आणि तो खर्च सभासदांच्याच बिलात येतो. भाडेकरारात मेंटेनन्स मालकाकडे असला तर टँकरही मालकाचाच. मेट्रो ४ ची घोडबंदरच्या बाजूची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. वडाळ्यापर्यंतची गाडी सुरू होईल तेव्हा आमच्या भाड्यात फरक पडेल, याविषयी शंका नाही. तोवर सकाळी साडेआठला कासारवडवलीहून माजिवड्याला एकदा स्वतः जाऊन पाहा, म्हणजे भाडेकरू घासाघीस का करतो ते कळेल.

घर कुठेही घ्या, भाडेकरार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवला नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही: एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के मानीव व्याजावर पाव टक्का मुद्रांक आणि शहरी भागात एक हजार नोंदणी फी. एजंट बोटांचे ठसे घ्यायला घरी येतो. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम मागता येते, पण तो अधिकार वापरण्यासाठी हातात करार असावा लागतो. मालक स्वतः राहत नाही म्हणून लावले जाणारे बिनभोगवटा शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते. काही ठिकाणी याहून अधिक घेतात. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश दाखवला की बहुतेक समित्या नमतात. (सचिव असून हे लिहितो आहे, आमच्या खजिनदारांनी वाचू नये.)

कळवेकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत सांगितलेले बरेच करून पाहिले, म्हणून कळवतो.

सूची २ मध्ये खारघरच्या त्याच इमारतीतले तीन व्यवहार मिळाले, तेवढ्याच आकाराच्या घरांचे. ७३, ७५ आणि साडेपंचाहत्तर लाख. वॉचमनशी बोललो तेव्हा त्याने सरळ सांगितले की या इमारतीत वन बीएचकेला १९ ते २० हजार भाडे येते आणि २३ हजार फक्त फर्निचर असलेल्या एका घराला मिळते. वीस हजार धरून ताईंचा हिशेब पुन्हा केला, तर परतावा दोन टक्क्यांच्याही खाली गेला. बँकेत मुदत विचारली. उत्तर १४ वर्षेच आले, आणि पत्नीचा चेहरा तिथेच बदलला.

घोडबंदरचे घर सोडून दिले आहे. खारघरच्या मालकाला ७४ लाख सांगितले, एजंटने ऐकूनही न घेतल्यासारखे केले. दरम्यान घणसोली स्टेशनपासून सात मिनिटांवर एक वीस वर्षांचा छोटा फ्लॅट पाहण्यात आला आहे, ६३ लाख सांगतात आणि सध्याचा भाडेकरू ऐरोलीत नोकरी करणारा असून १८,५०० देतो. कर्ज ३५ लाखांतच भागेल. मात्र शेजारीच गावठाणातल्या इमारती आहेत, तिथे याच आकाराचे घर अकरा-बारा हजारांत मिळते, त्याचा माझ्या भाड्यावर परिणाम होईल का?

खारघरची घरमालकीण

होईल, पण तुम्हाला वाटतो तितका नाही. गावठाणातल्या घरांत एकटे राहणारे तरुण जातात. कुटुंबाला लिफ्ट, पार्किंग आणि नियमित पाणी हवे असते. तुमची स्पर्धा शेजारच्या सोसायट्यांशी आहे. फक्त एजंट त्या गावठाणातलेच एखादे घर ‘परतावा पाच टक्के’ म्हणून दाखवेल, तेव्हा बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. बहुतेक वेळा दोन्ही नसते आणि बँक कर्जही देत नाही. विकायच्या वेळी गिऱ्हाईकही रोखीचेच शोधावे लागते.

सध्याच्या भाडेकरूला भेटा, एजंटशिवाय. करार नोंदवलेला आहे का, मुदत केव्हा संपते, अनामत किती आणि ती कोणाकडे आहे, हे त्याच्याच तोंडून ऐका. ती अनामत किमतीतून वळती करून घ्या, नाहीतर तो घर सोडताना तुमच्याकडे मागेल. वीस वर्षांची इमारत आहे, तेव्हा वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचे छत हात लावून पाहा आणि सोसायटीच्या गेल्या दोन वार्षिक सभांचे इतिवृत्त मागा. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरलेली असेल तर ती तिथे लिहिलेली सापडते.

कळवेकर

इतिवृत्त मिळाले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक घरामागे ८५ हजार ठरले आहेत, विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते. आता ती रक्कम त्याने भरावी यावर बोलणे चालू आहे, भाडेकरूची ५० हजारांची अनामत वळती करायला तो तयार झाला आहे. काल खारघरच्या एजंटचाही फोन आला. मालक ७७ वर आले आहेत म्हणाला. पाडवा होऊन बारा दिवस झाले.